ठमीची पहिली वही

५ नोव्हेंबर

चिमणे,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल, ओळख. डॉक्टर नाही, शेजारीण नाही, तुझी आत्या तर नाहीच नाही. कोपऱ्यावरचा शिंपी! आणि काखेत काय, तर शिलाई मशीनचं डोकं. तुझे बाबा पलंगावर, छातीला हा एवढा पट्टा, आणि हा दारातूनच म्हणतो, "दादा, उठू नका, उठू नका. पडल्या पडल्या एवढंच सांगा, दोरा वरून तुटतोय का खालून?" मी त्याला बाहेर काढणारच होते. बघते तर तुझे बाबा हसतायत. चार दिवसांत पहिल्यांदा. हसलं की बरगडी दुखते म्हणून ओरडतायत, आणि ओरडता ओरडता माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागतायत. मग म्हटलं, बस बाबा, चहा घे.

बाबांनी फोनवर तुला "जरासं खरचटलं" म्हणून सांगितलं ना? जरासं नाही. आता मी खरं सांगते, पण तू घाबरायचं नाहीस, कारण सगळे धड आहोत. शनिवारी त्या चढाच्या वळणावर कुणाच्या तरी ट्रकमधून खडी सांडली होती. आपली ठमी, एवढी जुनी गाडी, घसरली, स्वतःभोवती फिरली आणि पुलाच्या कठड्यावर आपटून खाली खड्ड्यात. बाबांची एक बरगडी तडकली. माझा गुडघा वांग्यासारखा झालाय आणि चष्मा गेला, हे पत्र जुन्या चष्म्यातून लिहितेय, ओळी चढावर गेल्या तर समजून घे. मागे इस्त्रीवाली होती, तिच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला नेत होतो. तिला केसालाही धक्का नाही. म्हणते, "मला पट्टीमुळे काही दिसलंच नाही, मग घाबरू कशाला?"

पण ठमी गेली गं. गॅरेजवाला तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "आजी, हिला दुरुस्त करायच्या पैशात दुसरी येईल." तू शाळेत असताना तिचं नाव ठेवलंस, बसल्या जागी फुगून बसल्यासारखी दिसते म्हणून. आता फुगलेली नाही, पार चेपली. बाबांनी एकच केलं. डाव्या पायाचं काम हाताने करायला क्लचची जी दांडी बसवून घेतली होती ना, ती तेवढी गॅरेजवाल्याकडून सोडवून मागवली. विम्यावाल्यांना फोनवर विचारून हं, तसं नाही. ती आता खुंटीवर टांगलीय, टोपी टांगावी तशी.

हां, विम्याचा माणूस! तेच तर सांगायचंय, आणि मी शिंप्यात अडकले. तो काल आला. सोनेरी काडीचा चष्मा, हातात फाईल, बोलणं मऊ. बाबा औषधाने झोपले होते, मी उठवलं नाही. म्हटलं मी आहे ना, मी रोज त्या गाडीत बाबांची हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसते, माझ्याइतकं ठमीबद्दल कुणाला माहीत?

तो म्हणाला, "आजी, गाडीत कोण कोण बसायचं?"

म्हटलं, "कोण बसायचं नाही ते विचारा."

आणि मग मी वही काढली. तू म्हणाली होतीस ना, आजी, रोज चार ओळी लिही, काहीही लिही, पण लिही. मी काय लिहिणार? गाडीत कोण बसलं, कुठे उतरलं, काय बोललं. त्याला ती हिरवी वही दाखवली, तिसरी, त्यातलं अक्षर जरा बरं आहे. चिमणे, काय सांगू, तो इतका मन लावून वाचत होता! पान उलटायचा, "अरे वा" म्हणायचा. फोटो काढले पानांचे. मधेच विचारतो, "हे 'डझनभर अंडी' म्हणजे?" म्हटलं, "अहो, पोस्टमनची बायको अवघडलेली होती, तिला दवाखान्यात पोचवलं, तर त्याने अंडी आणून दिली." "आणि इस्त्रीवाली?" म्हटलं, "तिला दर महिन्याला नेतो. ती आमच्या कपड्यांना दुसऱ्या कुणाला इस्त्रीच करू देत नाही. एक पै घेत नाही." त्याने तेही लिहून घेतलं.

जाताना म्हणाला, "आजी, तुमची वही फार उपयोगी पडली."

उपयोगी! माझी वही! मी रात्री बाबांना सांगणार होते, पण त्यांना नंतर एकदम सांगायचं ठरवलं, विम्याचे पैसे आले की. आता बघ, पैसे आले की दुसरी गाडी, तिला ती दांडी बसवायची, आणि बाबा परत गावोगाव मशीनं दुरुस्त करायला मोकळे. तोपर्यंत शिंपी रोज येईल असं दिसतंय.

तुला काय हवं ते कळव. मोजे विणायला घेतलेत, एकच झालाय.

तुझी आजी

*

९ नोव्हेंबर

प्रिय आजी,

नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा आपल्या विम्याचे कागद आठवले.

रविवारी फोन केला होता, पण बाबांनीच उचलला. हॉस्टेलमध्ये दहाच मिनिटं मिळतात आणि मागे रांग. बाबांसमोर मला हे बोलायचं नव्हतं, म्हणून लिहितेय. शांतपणे वाच.

आपला विमा घरगुती गाडीचा आहे. म्हणजे आपण आपल्या कामाला जायचं, पाहुण्याला न्यायचं, शेजाऱ्याला न्यायचं, सगळं चालतं. पण गाडी भाड्याने माणसं नेत असेल तर तो विमा चालत नाही, कंपनी पैसे देत नाही. आजी, तो माणूस तुझी वही वाचत नव्हता, तपासत होता. माणूस, जाण्याचं ठिकाण आणि शेवटी काय मिळालं, हे तू इतकं नीट लिहिलं आहेस की बाहेरच्या माणसाला ती टॅक्सीवाल्याची वही वाटेल.

यात तुझं काहीही चुकलं नाही. तू खरं तेच लिहिलंस. फक्त मला एवढं सांग, त्याला किती वह्या दाखवल्यास? पहिली वही दाखवलीस का? निळी, मी सुट्टीत आले होते तेव्हा आपण दोघींनी सुरू केली ती. त्यात शिंप्याच्या पैशांची गोष्ट आहे, आठवतं? ती वही कंपनीला दाखवायलाच हवी.

बाबांना जपा. माझ्या फीची काळजी करू नका, मी इथे बघतेय काहीतरी.

मोजा एक झाला तरी पाठव, दुसरा मागाहून.

तुझीच,
चिमणी

*

१४ नोव्हेंबर

चिमणे,

तुझं पत्र आलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचं. दोन्ही एकाच पोस्टमनने दिली, तो अंडीवाला. म्हणाला, "आजी, चांगली बातमी ना?" म्हटलं, "हो हो." त्याला काय सांगू, बाबा रे, तुझीच अंडी आडवी आलीत.

बाबांनी पत्र मोठ्याने वाचलं. "सदर वाहन मोबदला घेऊन प्रवासी नेण्यासाठी वापरले जात असल्याचे दिसून येते. पंधरा दिवसांत खुलासा करावा." असली भाषा. मी म्हटलं, "मोबदला म्हणजे?" बाबा म्हणाले, "आपण लोकांकडून घेतो म्हणतायत." मग म्हणाले, "यांना हे सांगितलं कुणी?"

मी म्हटलं, "मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "आई, तू खरंच सांगितलंस ना? मग झालं." आणि उठून, बरगडी धरून, काठी घेऊन चालत गेले. रिकाम्या हाती परत येतील म्हटलं, तर एक कागद घेऊन आले. पत्र्याच्या कारखान्यात गेटवर बसायचं काम आहे. आल्या-गेल्याची नावं लिहायची. ज्या हातांनी सुईचा आवाज ऐकून मशीनचं दुखणं सांगावं त्या हातांनी ट्रकचे नंबर लिहायचे. अर्ज टेबलावर पडलाय, अजून भरलेला नाही. शिंपी आला होता, तो कागद वाचून चहा न घेता गेला. तो चहा न घेता जातो म्हणजे बघ.

माझं मन कशात लागत नाही. मला वाटलं होतं, मोठा साहेब माझं अक्षर वाचतोय. सत्तर वर्षं अंगठा उठवला, दोन वर्षं झाली लिहायला लागून, आणि काय लिहिलं तर लेकाच्या पोटावर पाय आणणारं. हिरवी वही कपाटावर टाकलीय. तेव्हापासून हात लावला नाही.

पहिल्या वहीचं तू विचारलंस. ती नाही. ती रद्दीत गेली. आणि असती तरी काय, त्यातलं अक्षर कुणाला लागणार आहे? अर्धी अक्षरं तोंड फिरवून बसलेली, ओळी कुठून कुठे. तू बघितलीस तेवढं पुरे. ती दाखवून कंपनीत हसं करून घ्यायचं का?

आणि हे "बघतेय काहीतरी" काय आहे? तुझ्या आईने जाताना मला सांगितलं होतं, हिला शिकू द्या. तू रात्रपाळीचं काहीबाही शोधत असशील तर सांगून ठेवते, मी तिथे येईन. ठमी नाही तर बसने येईन. गुडघा धरून येईन.

मोजा पाठवतेय. एकच.

तुझी आजी

*

१८ नोव्हेंबर

प्रिय आजी,

मोजा मिळाला. डाव्या पायात घालून बसले आहे.

आता तू माझ्याकडे बघून ऐकतेस असं समज. आपल्या गल्लीत रद्दीवाला येत नाही. आणि आला असता तरी तू मागच्या दहा वर्षांची कॅलेंडरंसुद्धा कुणाला देत नाहीस, मागची बाजू कोरी आहे म्हणून. निळी वही तांदळाच्या डब्यात आहे, तळाशी, पिशवीत गुंडाळून. दिवाणखान्यात फरशी पुसत होतीस तेव्हा मी भातासाठी तांदूळ काढायला गेले होते, हाताला लागली. मी तेव्हा काही बोलले नाही. मला वाटलं, काढेल कधीतरी स्वतःच.

आजी, पहिल्या वहीतलं ते पान तू तीन दिवसांत लिहिलंस. मी बाजूला बसले होते. शिंप्याने सीटखाली नोट ठेवली आणि पळाला, बाबांना उशिरा सापडली, मग बाबांनी गाडी फिरवली. ते पान म्हणजे सगळा खुलासा आहे. त्याच्यापुढचीही पानं बघ, तू कायकाय लिहिलंयस ते मलाही पूर्ण माहीत नाही. मला वाचूच दिलं नव्हतंस!

आणि कुणाला लागणार नाही म्हणतेस ना अक्षर? मग तू वाच. त्यांनी डोळ्यांनी वाचायचंच नाही. तू वाचायचं, त्यांनी ऐकायचं. लिहिणाऱ्याला स्वतःचं अक्षर लागतंच.

बाबांना म्हणावं, खुलाशात एकच ओळ लिहा: येऊन वही ऐका. आणि पंधरा दिवस तो गेटचा अर्ज टेबलावरच राहू दे.

रात्रपाळीचं खरं आहे. विचारून आले होते. अजून हो म्हटलेलं नाही. तू वाचलंस तर नाही म्हणेन. झाला सौदा?

तुझीच,
चिमणी

*

२६ नोव्हेंबर

चिमणे, माझे बाई,

लबाड आहेस. तांदळाच्या डब्याचं दोन वर्षं पोटात ठेवलंस!

आज आले होते. दोघं. तो सोनेरी चष्मा, आणि त्याच्या वरच्या एक मोठ्या बाई. राखाडी केस, कपाळाला आठी, खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची हलवून बघितली. मनात म्हटलं, झालं, ही आल्या पावली परत जाणार. चहा नको म्हणाल्या. बिस्किटं नको म्हणाल्या. "वही कुठे आहे?"

मी वही मांडीवर घेतली. तिच्यातून अजून तांदूळ पडत होते. घाईत पहिलं पान दोनदा उलटलं. बाबा दाराशी उभे, शिंपीही होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. चष्मेवाल्याने हात पुढे केला, "द्या, मी बघतो." बघितलं आणि वही आडवी केली, मग उलटी केली. म्हणाला, "हे... कुठल्या बाजूने?"

म्हटलं, "तुम्ही ठेवा. मी वाचते."

आणि वाचलं गं. एकेका अक्षरावर बोट ठेवून. तुला ते पान जसंच्या तसं देते: "आज शिंपी बसला. बाजारात उतरला. सीटखाली नोट ठेवून पळाला. घरी आल्यावर सापडली. माझा लेक म्हणाला आत्ताच्या आत्ता परत देणार. मी म्हटलं उद्या दे. तो म्हणाला नाही. परत आठ किलोमीटर गेलो. नोटेपेक्षा पेट्रोल जास्त गेलं. शिंपी रागावला. माझा लेकही रागावला. दोघं रस्त्यात भांडले. मग चहा प्यायले."

शिंपी दारातून ओरडला, "हे खरं आहे, बाई! मी अजून रागावलेला आहे!"

मोठ्या बाईंची आठी जरा सैल झाली असं मला वाटलं, पण चष्मेवाला म्हणाला, "ठीक आहे, पण आजी, ही एक घटना झाली. अंडी? भाजी? इस्त्री? हिरव्या वहीत तर पानोपानी आहे."

मी पान उलटलं. आणि चिमणे, पुढचं पान बघून मी वही छातीशी धरली. कारण ते पान मी कुणासाठीच लिहिलं नव्हतं. तुझ्यासाठीही नाही. बाबा तर समोर उभे. बाई म्हणाल्या, "काय झालं? वाचा ना."

वाचलं. काय करणार? "माझा लेक कुणाकडून काही घेत नाही. म्हणून लोक मागच्या दाराने मला देतात. मी घेते. अंडी मला आवडतात. त्याला सांगते, बाजारातून आणली. देवा मला माफ कर पण अंडी ताजी असतात."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, लहानपणी तो साखर चोरताना सापडला की मी बघायचे ना, तसं. म्हणाले, "आई. दोन वर्षं?"

म्हटलं, "इस्त्रीसुद्धा. तुला वाटतं मी करते."

"तू सांगितलंस गुडघा दुखतो तरी करते म्हणून!"

"गुडघा दुखतोच!"

आणि मोठ्या बाई हसल्या. चिमणे, ती बाई हसली की अख्खी खुर्ची हलते. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आजी, हे भाडं नव्हे, ही लाच आहे. आणि तीही गाडीच्या मालकाला पत्ता लागू न देता." मग चष्मेवाल्याकडे वळल्या. "भाडं घेणाऱ्या माणसाला आपण भाडं घेतो हे माहीत नसतं का? लिहा तुम्ही, गाडी घरगुतीच होती. शेजाऱ्यांना नेत होते." तो मान खाली घालून लिहायला लागला. मला त्याची कीव आली. वाईट नाहीये तो, त्याने वाचलं तेवढंच त्याला दिसलं. मी त्याच्यापुढे बिस्किटं सरकवली, म्हटलं, "घ्या, ही लाच नाही, ही दुकानातली आहेत." त्याने चार खाल्ली.

आता पैशांचं. नव्या गाडीएवढे मिळणार नाहीत, ते आधीच सांगितलं बाईंनी, गाडी जुनी होती आणि विमा उतरवताना कागदावर जी किंमत लिहिली होती तेवढीच मिळेल. पण गॅरेजवाल्याच्या ओळखीत एक वापरलेली आहे, एका शिक्षिकेची, कमी फिरलेली, बाबा उद्या बघून येणार. बाईंनी जाता जाता खुंटीवरची दांडी बघितली, विचारलं काय आहे. बाबांनी हातात घेऊन दाखवलं, असं ओढायचं, असं सोडायचं. दहा मिनिटं सांगत होते. शिलाई मशीन सोडून दुसऱ्या कशाबद्दल तो माणूस इतकं बोललेला मी ऐकला नव्हता.

आणि तो गेटचा अर्ज! ती दोघं गेल्यावर शिंप्याने विचारलं, "दादा, आता तरी सांगा, दोरा खालून का वरून?" बाबांनी टेबलावरचा कागद ओढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चित्र काढून दिलं, बॉबिन इथे, दोरा असा, इथून वर. शिंपी तो कागद घडी करून खिशात घालून गेला. चहा घेऊन गेला.

बाबा तासभर माझ्यावर रुसून मागच्या दारात बसले. मग स्वयंपाकघरात आले, म्हणाले, "पोस्टमनची अंडी शिल्लक आहेत का?" होती. दोन उकडली. आता ते सगळ्यांना माझ्याच तोंडून सांगायला लावणार आहेत की पुढल्या गाडीत काही घ्यायचं नाही. बघू.

आता तुझा सौदा. मी वाचलं. तू रात्रपाळीला नाही म्हण. म्हटलंस की कळव, तोपर्यंत दुसरा मोजा पाठवत नाही, तो तयार आहे.

एक राहिलंच. बाईंना दुसरीकडे जायचं होतं, घड्याळ बघत होत्या, आणि मी वही मिटणार तर त्यांनी हात पुढे करून थांबवलं. पान जिथवर झालं होतं तिथला कोपरा स्वतःच्या बोटाने दुमडला. म्हणाल्या, "सह्या घ्यायला आम्हाला परत यायचंच आहे. तोपर्यंत पुढचं कुणाला वाचून दाखवायचं नाही, आजी, यांनाही नाही." बाबा तेव्हापासून वहीभोवती घिरट्या घालतायत, मी डब्यात ठेवलीय, वर तांदूळ.

गुरुवारी येणार आहेत, सकाळी अकराला, दोघंही.

तुझी आजी